लिफ्ट बंद होती म्हणून

लिफ्ट सहाव्या मजल्यावर येऊन थांबली, पण दार उघडलं नाही.

आत आम्ही तिघं होतो. चाकाच्या खुर्चीत ठोंबरेकाका, खुर्चीमागे त्यांच्या पत्नी इंदुमतीकाकू आणि कोपऱ्यात लॅपटॉपची बॅग छातीशी धरून मी. मी लिफ्टच्याच कंपनीची. दार उघडत नाही या तक्रारीसाठी कोल्हापूरहून सांगलीला आले होते आणि पहिल्याच फेरीत स्वतः आत अडकले होते. मी उगाच दोन-तीन बटणं दाबून पाहिली. काकूंनी नवऱ्याच्या डाव्या दंडावरची पट्टी चाचपली, ओली झाली नाही ना ते बघितलं, आणि मग सोसायटीच्या चेअरमनना फोन लावला. "कोष्टीसाहेब, झालं परत," एवढंच म्हणाल्या.

काका मला म्हणाले, "बसा खाली. ते गच्चीवर जाऊन स्विच बंद-चालू करतात. गुडघे दुखतात त्यांचे, वेळ लागतो."

मी बसले. काकांना डायलिसिसहून आणलं होतं. चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ सुकले होते. ते डोळे मिटून बसले होते आणि काकू त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने टिपत होत्या. आठवड्यातून तीन वेळा हे असं असतं, त्यात ही लिफ्ट, असं त्यांनी मला सांगितलं, पण तक्रारीच्या सुरात नाही. पाणी कमी दाबाने येतं, असं सांगावं तसं.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत होते. लिफ्टचा डबा, दोर, मोटर दुसरे लोक बसवायचे. आम्ही फक्त तिचं कंट्रोल पॅनल करायचो, म्हणजे गच्चीवरच्या खोलीतली ती लोखंडी पेटी, जी लिफ्टला कुठे जायचं, कधी थांबायचं, दार कधी उघडायचं ते सांगते. त्या पेटीतला प्रोग्राम पाटोळे नावाच्या माझ्या सहकाऱ्याने लिहिला होता. तो हैदराबादला गेला आणि त्याचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलं. दुसरा माणूस घेऊ म्हणता म्हणता आमचे मालक कुलगोडसाहेब वर्षभर गप्प बसले होते. साताऱ्यापासून बेळगावपर्यंत जिथे लिफ्ट अडेल तिथे मी जायचे. एसटीत बसल्या बसल्या झोपायचे आणि स्टँड आला की कंडक्टर उठवायचा. कुठल्या गावाला आलोय हे आठवायला मला थोडा वेळ लागायचा.

सांगलीच्या त्या इमारतीतली लिफ्ट अधूनमधून मजल्यावर येऊन गप्प व्हायची. पॅनलच्या पडद्यावर नुसतं 'फॉल्ट' असं यायचं. त्या एका शब्दामागे दहा-बारा कारणं असू शकत होती. नेमकं कोणतं, ते शोधायला पाटोळेने प्रोग्राममध्ये एक फ्लॅग ठेवला होता. फ्लॅग म्हणजे एक खूण. ती शून्य असली की प्रोग्राम मुकाट आपलं काम करतो. ती एक केली की तपासणीसाठी लिहिलेल्या जास्तीच्या ओळी जाग्या होतात आणि पॅनल प्रत्येक पावलाला काय करतंय ते लॅपटॉपवर लिहून दाखवतं. याला आम्ही डीबग म्हणतो. चूक सापडली की फ्लॅग परत शून्य करायचा.

मी तो एक केला, प्रोग्राम पॅनलमध्ये भरला आणि गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसले. लिफ्ट वर गेली, खाली आली. ओळीमागून ओळी येत राहिल्या. फॉल्ट मात्र आला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही आला नाही. काकूंनी गच्चीवर भाकरी आणि मेथीची भाजी पाठवली. तिसऱ्या दिवशी काका दवाखान्यात जाऊन आले, तेव्हा सहाव्या मजल्यावर दार लगेच उघडलं. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. त्यांनी खुर्चीतून माझ्याकडे पाहून हात वर केला.

मी काहीच दुरुस्त केलं नव्हतं, हे त्यांना कसं सांगणार? कुलगोडसाहेबांना मात्र फोनवर सांगितलं. ते म्हणाले, चालतेय ना, मग राहू दे तसंच, चालत्या लिफ्टला हात लावू नकोस. कऱ्हाडची तक्रार तीन दिवस पडून आहे, तिकडे जा. कोष्टींनी पेढे आणले होते, ते खाऊन मी कऱ्हाडला गेले.

पुढचा आठवडा-दीड आठवडा सांगलीहून फोन आला नाही. कंपनीत सगळे खूश. मला मात्र ते डोक्यातून जाईना. नुसती बघायला म्हणून बत्ती लावली आणि दुखणं पळालं, असं होत नाही. प्रोग्रामचा तो भाग मी एकदा वाचायला घेतला, पण रोज कुठेतरी जावं लागत होतं. शेवटी कागलच्या स्टँडवर बस चुकली, तेव्हा मी पाटोळेला फोन लावला. तो जेवत होता. मी सगळं सांगितलं.

"सुनेत्रा, ब्रेकचं चेकिंग डीबगमध्ये बंद असतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अगं, लिफ्ट थांबल्यावर ब्रेक लागतो. तरी डबा थोडा जरी सरकला तरी प्रोग्राम फॉल्ट देऊन सगळं बंद करतो. आपण टेबलावर टेस्ट करायचो तेव्हा तिथे खरा ब्रेक कुठे होता? सारखा फॉल्ट यायचा. म्हणून मी फ्लॅग एक असला की ते चेकिंग सोडून द्यायचं, असं लिहिलं. नंतर वेगळं करायचं होतं. राहिलं."

त्याच्या त्या 'राहिलं'चा मला राग आला नाही. माझीही अशी कितीतरी कामं राहिलेली होती. मी बाकावर बसून हिशेब लावला. लिफ्ट अडत होती ती प्रोग्रामच्या चुकीने नाही. ब्रेक घसरत होता आणि प्रोग्राम ते पाहून बरोबर थांबत होता. मी त्याचे डोळे बांधले होते, आणि त्या लिफ्टमधून दीड आठवडा माणसं वर-खाली करत होती.

कुलगोडसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ब्रेक आपला नाही, तो बसवणाऱ्यांचा. त्यांना कळवतो, ते चेन्नईहून माल मागवतील, तोवर चालू दे, इतके दिवस चाललीच आहे. मी म्हटलं, दार उघडं असताना सरकली तर? ते म्हणाले, तुला तेवढंच वाटत असेल तर सोसायटीशी तू बोल. कंपनीकडून बंद करा असं मी सांगणार नाही.

मी सांगलीला गेले. कोष्टींनी माझं बोलणं दारातच ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याला रोज सगळ्यांची तोंडं बघायची होती. आत्ता कुठे लिफ्ट सुरळीत झाली आणि तुम्ही बंद करा म्हणता, सहाव्या मजल्यावर पेशंट आहे, तिसऱ्यावर बाळंतीण आहे, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, ठोंबऱ्यांना विचारा, ते हो म्हणाले तर बंद करा, माझी ना नाही.

हे त्याने माझ्या अंगावर टाकलं की काकांच्या, मला कळेना. मी सहा मजले जिन्याने चढले.

काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. वीज मंडळात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे त्यांना समजावून सांगायला वेळ लागला नाही. मी फ्लॅगचं सांगितलं, चेकिंगचं सांगितलं.

"म्हणजे फ्यूज सारखा उडत होता," ते म्हणाले, "म्हणून तुम्ही त्याच्या जागी जाड तार बांधलीत."

"माहीत नव्हतं काका. पण झालं तसंच."

"आणि फ्यूज का उडतो ते अजून कुणी बघितलेलं नाही."

"नाही."

किती दिवस बंद राहील, असं त्यांनी विचारलं. आठवडा तरी, मी म्हटलं, माल चेन्नईहून यायचाय, कदाचित जास्तही लागेल. ते खिडकीबाहेर बघत राहिले. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज वर येत होता. मला वाटलं, ते मनात दवाखान्याच्या खेपा मोजतायत. मी सांगायला लागले की इमारतीतली मुलं खुर्ची उचलून नेऊ शकतील, मी कोष्टींशी बोलते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"बंद करा. कोष्टींना म्हणावं, ठोंबऱ्यांची हरकत नाही."

काकू स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, शुक्रवारचं कसं करायचं? बघू, काका म्हणाले. काकू आणखी काही विचारतील असं मला वाटलं, पण त्या आत गेल्या.

मी गच्चीवर जाऊन फ्लॅग शून्य केला आणि रिकामी लिफ्ट खाली-वर पळवून पाहिली. तिसऱ्या मजल्यावर येऊन ती गप्प झाली. मी मेन स्विच ओढला, पेटीला कुलूप लावलं आणि जिना उतरताना पहिल्यांदाच मला थोडं हलकं वाटलं. इतका आजारी माणूस, पण दुसऱ्यांच्या जिवासाठी एका शब्दात हो म्हणाला, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

शुक्रवारी मुलं खुर्ची उचलायला गेली. काकांनी त्यांना परत पाठवलं. एकाचा पाय घसरला तर सगळे जाल, सोमवारपर्यंत लिफ्ट सुरू होईल, म्हणाले. हे मला कोष्टींनी फोनवर सांगितलं. सोमवारी माल आला नाही. मंगळवारी त्यांचे डॉक्टर घरी येऊन गेले. अंगावर सूज होती. ताबडतोब हलवा म्हणाले. लिफ्ट सुरू झाली की जाऊ, काका म्हणाले.

त्याच दुपारी कंपनीत मस्कतहून फोन आला. ठोंबऱ्यांचा मुलगा संदीप. साहेबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेले. तो आधी ओरडला नाही. त्याने शांतपणे विचारलं की चालू असलेली लिफ्ट मी कोणाच्या सांगण्यावरून बंद केली. मी म्हटलं, काकाच म्हणाले. तो म्हणाला, ते तसंच म्हणणार, त्यांनी आयुष्यात कधी कुणाला अडचण सांगितलीय का, तुम्हाला कळायला नको होतं? आणि मग त्याला पुढे बोलता येईना. फोन चालूच होता. मी तो कानाला धरून उभी राहिले.

मी तशीच लॅपटॉप घेऊन सांगलीला निघाले. वाटेत माझं ठरलं. फ्लॅग एक करायचा, एकच फेरी करायची. डब्यात काका आणि मी, तिसरं कुणी नाही. वजन कमी असलं तर डबा सरकला तरी थोडाच सरकेल. दार उघडताना मी आधी बाहेर पडून खुर्ची ओढेन. नियम सगळे मला पाठ होते, आणि त्या क्षणी मला त्यांचं काहीही वाटत नव्हतं.

काका पलंगावर उशांना टेकून बसले होते. डोळ्यांखाली पाणी भरलं होतं. मी त्यांना सांगितलं. म्हटलं, एक फेरी काका, मी बरोबर आहे. खाली गाडी उभी करायला सांगितलीय.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. बोलताना मध्ये थांबत होते.

"त्या दिवशी तुम्ही जे बरोबर तेच सांगितलंत. आता ते मोडू नका."

मी काकूंकडे पाहिलं. मला वाटलं, त्या तरी काही म्हणतील, रागावतील, रडतील. त्या काकांच्या पायावरचं पांघरूण सारखं करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

माल गुरुवारी आला. मिस्त्रीने ब्रेक उघडला तेव्हा त्याच्या पट्ट्यांवर गिअरचं तेल झिरपलेलं होतं. त्याने बोटाला लागलेलं तेल मला दाखवलं आणि म्हणाला, डबा भरलेला असता आणि दार उघडं असतं, तर काय झालं असतं ते सांगायला नको. मी बरोबर होते, हे आता सगळ्यांनाच कळलं. कुलगोडसाहेब पुढे गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगायचे, आमच्या कंपनीने कसा धोका वेळेवर ओळखला म्हणून.

लिफ्ट सुरू झाल्यावर मी सहाव्या मजल्यावर गेले. झाली का सुरू, काकांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बरं झालं," ते म्हणाले, "हिला आता जिना नको." गाडी बोलावू का म्हटलं, तर उद्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. संदीप विमानतळावर असतानाच ते गेले.

त्यानंतर मी प्रोग्राम उघडून सुरक्षेची सगळी चेकिंग त्या फ्लॅगमधून बाहेर काढली. एक फ्लॅग फक्त बघण्यासाठी, त्याने लिफ्टच्या वागण्यात तसूभरही फरक पडता कामा नये, असा नियम केला. या कामाचं साहेबांनी कौतुक केलं. सांगलीच्या त्या इमारतीत मात्र मी वर्षभर गेले नाही. तक्रार आली की साहेबांनी आता मदतीला घेतलेल्या मुलाला मी पाठवायचे.

वर्षाच्या देखभालीला दुसरं कुणी मिळेना तेव्हा जावं लागलं. काम संपल्यावर मी सहाव्या मजल्यावर उतरले आणि बेल न वाजवताच थोडा वेळ उभी राहिले. दार आतून उघडलं. काकू भाजी आणायला निघाल्या होत्या.

"तुमची वाट बघत होते मी," त्या म्हणाल्या आणि पिशवी ठेवून आत चहा टाकायला गेल्या.

मी खिडकीशी बसले नाही, भिंतीशी बसले. नेमकं काय बोलायचं ते मी बसमध्ये ठरवलं होतं, पण त्यातलं पहिलं वाक्य बोलायच्या आधीच त्यांनी कप पुढे केला.

"त्यांना ते नकोच होतं," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवाळीपासून. दंड दाखवायचे मला, बघ म्हणायचे, सुई टोचायला जागा उरली नाही. संदीपला एकदा सांगून पाहिलं, तर त्याने फोनवर शपथ घातली. पोराची शपथ मोडवेना त्यांना. मग तुम्ही आलात. तुम्ही गच्चीवर गेलात आणि हे मला म्हणाले, इंदू, आता कुणाला काही सांगायला नको. लिफ्ट बंद आहे."

मी हातातला कप खाली ठेवला. वर्षभर जे ओझं मी वाहत होते ते उतरायला हवं होतं. ते उतरलं नाही, फक्त जागा बदलली. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, मी विचारलं.

"मुलं खुर्ची घेऊन दारात आली होती. मी नुसतं म्हटलं असतं, त्यांचं ऐकू नका, उचला, तर उचललं असतं त्यांनी. मी त्यांना पाणी दिलं आणि जा म्हटलं." त्यांनी माझा कप परत माझ्यापुढे सरकवला. "चार वर्षं मी त्यांना नेत-आणत होते, सुनेत्रा. तेही दमले होते आणि मीही दमले होते. हे मी कुणाला बोलले नाही."

मग त्यांनी मला एक गोष्ट मागितली. संदीपचा राग माझ्यावर आहे. तो तसाच राहू द्यावा. त्याला खरं कळलं तर तो राग आधी वडिलांवर जाईल, मग आईवर, आणि सगळ्यात शेवटी स्वतःवर. त्यापेक्षा परक्यावर बरा.

"चालेल ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी चालेल म्हटलं.

काकूंना जाऊन आता चार वर्षं झाली. संदीप मस्कत सोडून सांगलीला परत आला, त्याच घरात राहतो. मागच्या मे महिन्यात विश्रामबागेत एका लग्नात तो दिसला. कुणीतरी माझी ओळख करून दिली, लिफ्टच्या कंपनीत होत्या म्हणून. त्याने हातातलं ताट टेबलावर ठेवलं. केस पांढरे झाले होते, आणि बोलताना वडिलांसारखाच मध्ये थांबत होता.

"एक फेरी, मॅडम," तो म्हणाला. "एकच फेरी केली असतीत तर."

"हो," मी म्हटलं. "करायला हवी होती."